कार्डात जागा नव्हती

त्या दिवशी ढगामागं जायचं नव्हतंच.
मेहजबीननं सकाळीच सांगून टाकलं होतं:
वरची हवा कोरडी आहे, काही व्हायचं नाही,
मी पोरींचे भूगोलाचे पेपर तपासत बसते.
म्हणून श्रीनिवास येमूलनं वळसंगचं लग्न घेतलं
आणि मी त्याचा दिवा धरायला गेलो.

एरवी आम्ही तिघं, तीन उन्हाळे झाले,
एका जुन्या ओम्नीतून आभाळ हुंगत फिरतो.
मंद्रूप, तेरामैल, एकदा पार इंडीपर्यंत.
बहुतेक वेळा हाती लागते धूळ
आणि धाब्यावरची शेंगाचटणी.
लोक विचारतात, प्लॉट बघताय का?
आम्ही हो म्हणतो. सोपं पडतं.

अडीचला, पंगत बसलेली असताना, तिचा फोन:
"जेवलालाय काय बे? बाहेर बघा, दक्षिणेला!"

कार्यालयाच्या मागं, जिथं आचारी पातेली विसळतात,
तिथून दिसला.
एकटा.
भोवतालचं आभाळ स्वच्छ, रिकामं, कुणाचंच नसल्यासारखं.
माथ्यावर सपाट ऐरण, तिची सावली पार अक्कलकोटवर,
आणि खाली थरावर थर,
कडक भाकरींची चळत कुणी जरा तिरकी ठेवावी तसे.
ती चळत फिरत होती.
आधी वाटलं, मलाच ऊन लागलंय.
मग विजेच्या खांबावर नजर रोवून बघितलं:
आमच्याकडची बाजू डावीकडून उजवीकडे,
एवढं मोठं काहीतरी, आणि बिनआवाजी.
"फिरलालंय बे," श्रीनिवास म्हणाला,
गाभाऱ्यात बोलतात तेवढ्या आवाजात.

कॅमेरा उचलला, तर आत लाल अक्षरं: कार्ड भरलं.
दुसरं कार्ड बॅगेत, बॅग नवरीच्या खोलीत,
खोलीला कुलूप, किल्ली मावशीच्या कमरेला,
मावशी कुठं, ते कुणालाच ठाऊक नाही.

तो पालथ्या पातेल्यावर बसला आणि पुसायला लागला.
अक्षता ठेवल्या. हार ठेवले.
पंगत पुसली.
जिलबीतून डोळा लावून बघणारं पोर, गेलं.
पदराआड हसणारी, गेली.
पहिल्या ओळीतला पिवळ्या फेट्याचा म्हातारा,
घास उचललेला, आमच्याकडं बघून थबकलेला.
त्याच्यावर अंगठा जरा थांबला.
मग तोही गेला.
बासष्ट जागा झाल्या.

बासष्ट वेळा बटण वाजलं.
मी दिवा तसाच वर धरून, का ते माहीत नाही,
एवढ्या ढगाला माझा उजेड कमी पडणार असल्यासारखा.
त्याच्या पोटाखाली हिरवं झालं होतं, गोटी सोड्याच्या बाटलीतलं हिरवं.
वारा उलटला. गार, लोखंडाच्या वासाचा.
पत्र्यावर पहिली गार पडली
आणि आचाऱ्याच्या हातचा झारा सुटला.
लिंबाएवढी. मी एक दगडानं फोडली:
आत कांद्याचे पापुद्रे,
एक पांढरा, एक काचेचा, पुन्हा पांढरा.
मंडप फाटला, ओम्नीची काच गेली,
नवरा-नवरी भांड्यांच्या खोलीत हसत बसले.

आता तो ढग अशोक चौकातल्या स्टुडिओत असतो, सहा फुटी.
गिऱ्हाइकं विचारतात, नवा पडदा काय?
एक जण तर बाळाला घेऊन पुढं उभाच राहिला.

श्रावणात नवरी आली, अल्बम काखेत.
"आमचे अज्जा कुठंच कसे नाहीत?
पिवळा फेटा होता. ते कधी काढू देत नाहीत फोटो.
म्हणतात, त्या दिवशी एक दिला बघ मी."
"हलला तो," श्रीनिवास म्हणाला. "खराब आला."
मेहजबीननं पेपरांतून मान वर केली नाही.
नवरी भिंतीकडं बघत होती.
"हे त्याच दिवशीचं ना?
अज्जा अजून सांगतात, घास हातात होता
आणि आभाळ फिरलं."

मग तिनं पिशवीतून राहिलेले बाराशे काढले,
दोनदा मोजले,
काउंटरवर ठेवले.